समासातला रकाना

पंपहाऊसच्या रजिस्टरला सात रकाने:
तारीख, पाळी, पातळी,
पंप एक, पंप दोन, बिघाड, सही.
आठवा हिराजी मढवींनी आखलेला,
समासात, पेन्सिलीनं,
करंगळीएवढा रुंद.

परभणीहून आलो त्या पहिल्या रात्री
जुना बिघाड शोधताना तो वाचला:
थापट्या तीनशे बारा.
भुवई बदकं नव्वद, जास्तच, कमी नाय.
शेकाटे मोजले नाय, डोल्यांत पानी येतंय.
आणि मागच्या सगळ्या वह्यांत, दर ऑक्टोबरात,
एका तारखेसमोर एकच शब्द:
आयली.

हे तळं कुठल्या राजानं खोदलेलं नाही.
भांडुपच्या मोऱ्या, कांजूरच्या मोऱ्या,
तांदूळ धुतलेलं पाणी, साबणाचा फेस,
कुणाच्या बाळंतिणीची न्हाणी,
सगळं इथं येऊन उन्हात पडून राहतं,
गाळ खाली सोडतं
आणि मग खाडीची वाट धरतं.
नाकावरचा रुमाल न काढता मी विचारलं,
एवढे डोंगर ओलांडून येतात
ती या घाणीत?
मढवी डबा उघडत होते. भाकरी, सुकट.
"घान तुला. त्यांना ताट."

जानेवारीत साहेब तपासणीला आले.
समासावर बोट ठेवून म्हणाले, हे काय?
"पातली लिव्हाची, तं पान्यावर कोन बसलाय
तो नको लिव्हाला?"
साहेबांनी लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलं.
ते अजून आहे. दिवा मंद असला की
मान दुमडून झोपलेलं काहीतरी वाटतं.
त्याच्याच खाली, दुसऱ्या दिवशीची नोंद:
तलवार बदक दोन, नरमादी.

मोजायचं कसं ते त्यांनी शिकवलं.
दहांचा एक पुंजका डोळ्यांत धरायचा
आणि पाण्यावर ठेवत ठेवत जायचं,
कापडावर ठसा मारतात तसा.
वरून ससाणा गेला की
अख्खं तळं एका झटक्यात उठतं,
हिशोब हवेत.
मी वैतागायचो.
ते तोवर तंबाखू मळून घ्यायचे.
"बसतीन. बसली का परत एकपासून."

मार्च संपता संपता रकाना रोडावतो.
चाळीस.
अकरा.
एक, पाय लंगडा.
तो लंगडा एकटाच मे अखेरपर्यंत होता,
पंप एकच्या कठड्यालगत.
मढवीही त्याच एकतीस तारखेला रिटायर झाले,
नारळ, शाल, घड्याळ.
जूनमध्ये कठडा रिकामा.
उडाला की कुत्र्यांनी नेला,
रजिस्टरला माहीत नाही.

ऑक्टोबर नऊ, रात्रपाळी.
पंप दोन बंद. आत गोणपाट अडकलेलं.
कोपरापर्यंत काळा हात घेऊन बाहेर आलो
तर पाण्यावर एक आवाज,
काल नव्हता असा,
ओल्या बोटांनी कुणी पानं उलटावीत तसा.
टॉर्च लावला नाही.
पावणेचार वाजता मढवींना फोन केला.
पहिल्याच रिंगला उचलला.
मी काही बोललो नाही,
हात लांब करून फोन अंधारात धरला.

बऱ्याच वेळानं पलीकडून, "किती?"
दिसत नाहीत.
"मंग नको मोजू. उजारू दे."
ठेवला.

हात धुतले, दोनदा. तरी वास राहिला.
तारीख लिहिली, पाळी, पातळी.
मग ती करंगळीएवढी जागा.
आमच्याकडं 'आली' म्हणतात,
तेच लिहायला पेन्सिल टेकवली
आणि लिहिलं, आयली.

उजाडेस्तोवर बसलो.
बिघाडाच्या रकान्यात गोणपाट लिहायचं राहिलं होतं,
ते लिहिलं.