मोड

वादळ सरल्यावर बर्गनच्या कचराकुंड्यांत
छत्र्या उलट्या खोचलेल्या असतात,
पाय वर करून मेलेल्या कावळ्यांसारख्या.
विग्दिसनं त्यातल्या एक्केचाळीस घरी नेल्या.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेकीला उताणं घालून
मरणाचं कारण वहीत लिहिलं.
कापड धड. दांडा धड. मूठ तर नवीकोरी.
तेहतीस जणी एकाच दुखण्यानं गेलेल्या:
दोन काड्या जिथं गुडघ्यासारख्या वाकतात
तिथला तांदळाएवढा रिवेट.

तांदळाएवढ्या दुखण्यापायी
अख्खा देह फेकून द्यायचा.
फेकून द्यायचा म्हणजे
नेमका कुणाला द्यायचा?
हे तिनं मला विचारलं, बँकेत, माझ्या टेबलासमोर,
कोटाच्या बाहीतून पाणी निथळत असताना.
मी कर्जाचा फॉर्म पुढे सरकवला.
त्यात तो रकाना नव्हता.

मग तिनं कागद उलगडले.
लोक आधी वस्तू काढतात,
हिनं आधी तिचं मोडणं काढलं होतं.
पहिल्या पानावर निखळलेली छत्री, दुसऱ्यावर उसवलेली,
तिसऱ्यावर काड्यांचा ढीग, वितळायला निघालेला,
आणि शेवटच्या पानावर कुठं
ती उघडून उभी, कोरी करकरीत.
डिंक नाही. रिवेट नाही.
सगळ्या काड्या एकाच धातूच्या, कापड आठ गुंड्यांवर,
गुडघ्यात एकच स्क्रू,
मधे भोक असलेल्या एका क्रोनच्या नाण्यानं फिरणारा.

"इतकी टिकली तर त्याच माणसाला
दुसऱ्यांदा काय विकाल?"
"विकायचीच नाही. महिन्याचं भाडं.
मोडली की आणून द्या, दुसरी न्या."
"आणि ती मोडलेली?"
"ती कुणाची तरी दुसरी."

मी निम्मं कर्ज मंजूर केलं.
निम्म्या विश्वासात तेवढंच बसत होतं.

पहिला हिवाळा वाईट गेला.
वाऱ्यानं स्क्रू ढिले झाले, मासळीबाजाराच्या फरशीवर टपटपले.
दोनशे छत्र्या गेल्या त्या गेल्याच.
एक तेवढी ट्रोम्सोहून टपालानं परतली,
माफीची चिठ्ठी काडीला बांधून.
मार्चमध्ये विग्दिसनं स्वतःची होडी विकली
आणि माझा हप्ता वेळेवर भरला.
मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेस्फालेम, अस्माराचा शिंपी, गुंड्या लावायला ठेवलेला.
एका संध्याकाळी कुणी न सांगता
त्यानं स्क्रूच्या आट्यांवर मेणाच्या दोऱ्याचे
तीन वेढे दिले.
"माझं शिवणयंत्र असंच सांभाळलंय," एवढंच म्हणाला.
स्क्रू पुन्हा हलला नाही.
शिंपी मात्र हलला, खुर्चीवरून भागीदारीत.

आता मी निवृत्त. माझ्याकडे सतरा नंबर.
दुकानाच्या वहीत तिचा जन्म सापडतो,
पुढचं पान संपतच नाही:
कापड तीनदा बदललं, दांडा एकदा,
काड्या किती ते तेस्फालेमला ठाऊक.
मुठीवर कुणाच्या तरी पोराच्या दातांचे ठसे आहेत,
ते विग्दिस घासू देत नाही.
कधी कधी त्यावर बोट फिरवते आणि वाटतं,
हे मूल आता दाढी करत असेल.

काल पुलावर वाऱ्यानं तिचा गुडघा निखळला.
बँकेत असताना अशीला आम्ही
एका सहीत मोडीत काढत होतो.
मी कठड्याला पाठ लावून खिसा चाचपला.
पावाच्या दुकानातली मोड होती,
त्यातलं भोकाचं नाणं निवडलं,
भिजत भिजत स्क्रू आवळू लागले.
बोटं गारठलेली, नाणं दोनदा निसटलं.

मागून येणारी एक बाई थांबली.
ओळख ना पाळख.
तिनं आपली एकशे चार नंबर
माझ्या डोक्यावर धरली
आणि विचारलं, "सुटे आहेत ना?"