निरंक

पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं,
मॅटकडे पाठ, तोंड माणसांकडे.
चार दिवस मी तशीच उभी
राज्य अजिंक्यपदाच्या कबड्डीला,
गोल्फ क्लबच्या मैदानावर,
निफाडचा गारठा शहरात मुक्कामाला येतो त्या आठवड्यात.

कोण आघाडीवर, ते मी चेहऱ्यांवर वाचत होते.
सिन्नरचा पोरगा पकडला गेला की
दुसऱ्या रांगेतली बाई पदर दातात धरायची.
बोनस मिळाला की मखमलाबादची टोळी
एकमेकांच्या पाठी बडवायची.
मागून नुसता तो आवाज, एका दमातला,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
मध्येच तुटला की समजायचं, धरला.

आम्हाला शिकवलेला दम वेगळा.
तो द्यायचा असतो.

अंतिम सामना. रात्रीचे सव्वानऊ.
ब गॅलरी साडेतीनशेची,
बसलेले पाचशे, कठड्याला लोंबकळणारे निराळे.
दोन गुणांचा फरक राहिला, सगळे उभे राहिले
आणि पायाखालून काहीतरी कण्हलं.
वाकून बॅटरी मारली.
तिसऱ्या बल्लीचा काथ्या सुटत होता,
सावकाश, एकेक पीळ सोडत,
जणू त्याला कसलीच घाई नव्हती.

शिट्टी ओठांपर्यंत आलेली.
पण भरतीच्या वर्षी एका जुन्या जमादारांनी
मला कुठल्याशा सिंहस्थाची गोष्ट सांगितली होती,
माणसांची नाही, चपलांची.
गल्लीत उरलेल्या चपलांच्या जोड्या लावायचं काम
त्यांच्याकडे आलं होतं.
जोड्या लागत नव्हत्या, एवढंच म्हणाले
आणि चहा मागवला.

पाचशे माणसं. उतरायला एक जिना.
मी दम धरला.
होमगार्ड बेंडकुळेला म्हटलं,
मंडपवाल्या अस्लमभाईंना गाठ, टेकू घेऊन ये,
आणि पळू नकोस, चालत जा.
निवेदकाच्या कानात जे सांगितलं
ते त्यानं दोनदा विचारून घेतलं, मग माइकवर म्हणाला,
"एमएच पंधरा, काळी स्प्लेंडर,
ब गॅलरीमागे आडवी लावलेली,
टोइंगची गाडी आलेली आहे."

अर्धी गॅलरी उठली.
किल्ल्या चाचपत, आमच्या खात्याचा उद्धार करत,
एकामागून एक जिना उतरली.
ज्यांची लाल होती तेही उतरले,
खात्री करायला.

अस्लमभाई आत पालथे पडून
हातोडा मारत होते.
प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आता.
आणि माझ्या पाठीमागे शेवटची चढाई सुरू झाली.
कबड्डी कबड्डी
वळून बघावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.
कबड्डी कबड्डी कबड्डी
बॅटरीच्या उजेडात टेकू बसला,
आणि तेव्हाच मैदान फुटल्यासारखं ओरडलं.
कोण जिंकलं ते कळेना.
समोरच्या रांगांत हसणारे होते,
तेवढेच डोक्याला हात लावलेले.

बारा चाळीसला चौकीत रकाने भरले.
चेंगराचेंगरी : निरंक.
जखमी : निरंक.
चोरी : मोबाईल एक, मालकाच्याच मफलरमध्ये सापडला.
अन्य अनुचित प्रकार : निरंक.
टेकूसाठी रकाना नव्हता.
साहेबांनी उभ्या उभ्या सही केली,
म्हणाले, चला, शांततेत पार पडलं.

पण त्याआधी, मैदान रिकामं होताना,
गेटवर पाथर्डी फाट्याचे एक काका माझ्यावर चालून आले.
कानटोपी, हातात किल्ली, डोळ्यांत पाणी.
"काळी स्प्लेंडर माझी. आडवी नव्हती, सरळ होती.
सहा तास बसलो होतो हो मी.
शेवटची चढाई हुकली तुमच्यापायी."

"माझीही," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नाही.
किक मारत राहिले, दहा, बारा, पंधरा,
थंडीनं गाडी काही उठेना.
मग काठी काखेत मारली,
आणि मुंबई नाक्याच्या उताराला लागेपर्यंत
मागून ढकलत गेले.