लूप एक, पत्ता सतरा

मारेगाव सोडलं की वणी रोडला डाव्या हाताला जिनिंग.
कापसाची आवक जोरात, हवेत रुईचं धुकं,
आणि मी शिडीवर,
तोंडाला ओढणी, दातांत दोन स्क्रू.

धुराचे डिटेक्टर शेडमध्ये चालणार नाहीत,
हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
रुईचा भुगा त्यांना धूरच वाटतो,
दिवसातून दहादा बोंबलतील.
म्हणून इथे उष्णतेचे.
धुराचे तेवढे ऑफिसात आणि वजनकाट्याच्या खोलीत.

प्रत्येकाच्या पाठीत बारीक स्विचांची ओळ.
एक, दोन, चार, आठ, सोळा...
पिनेच्या टोकानं वर ढकलायचे, मोजत.
पहिला वर, पाचवा वर, बाकीचे खाली:
झाला सतरा.
दोघांना चुकून एकच आकडा दिला
तर पॅनेल दोघांनाही ओळखत नाही.

तार पॅनेलमधून निघते,
सगळ्या शेडांतून फिरून पॅनेललाच परत येते.
मधे उंदरानं कुरतडली तरी दोन्ही टोकांकडून बोलत राहते.
रुई उचलताना पंचफुला मेश्राम म्हणाली,
"हे त आमच्या जावाजावाचं भांडण होय,
मधात भिंत घातली तरी दोन्हीकून आयकू येते."

चौथ्या दिवशी वीज दिली.
पॅनेलनं हजेरी घ्यायला सुरुवात केली:
एक, हजर. दोन, हजर.
एकोणीसनं उत्तर दिलं नाही,
त्याच्या बुडात कोळ्यानं घर केलं होतं.

आता नावं द्यायची.
स्क्रीनवर एका जागेला वीस अक्षरं,
तीही इंग्रजीच.
रात्रीचे चौकीदार झिंगराजी आत्राम आकडे वाचतात,
ट्रकचे नंबर लिहून लिहून सवय झालेली; अक्षरं नाही.
म्हणून खडू घेऊन आम्ही दोघं भिंतीभिंतीनं फिरलो.
मी आकडा लिहायचा, त्यांनी जागा सांगायची.

"नऊ. इथचा पंखा बंदच रायते."
"सत्तावीस. इथं सरकी पडते."
"एकतीस. पोळ्याच्या वक्ती मांजरीनं इथं पिल्लं घातली."

सतराला ते बोललेच नाहीत.
भिंतीला नवा चुना होता,
त्यातून खालचं काळं हळूहळू वर येत होतं.
खडूचा आकडा तिथे नीट उमटेना.
मग म्हणाले, "इथं डोमा होता."
बऱ्याच वेळानं,
"रुईतली आग दिसत नाई, मॅडम.
आतल्या आत चालते. वरतून पांढरंच."

सतराला मी आधीच नाव टाकलं होतं.
साऊथ शेड, बे टू.
नकाशाप्रमाणे बरोबर, वीस अक्षरांत बसणारं.
संध्याकाळी ते पुसलं.
डोमा.
चार अक्षरं, सोळा जागा रिकाम्या.

पाचव्या दिवशी चाचणी.
बांबूला हेअर ड्रायर बांधून डिटेक्टरखाली धरला,
बाया हसल्या. "छताचे केस सुकवता का, मॅडम?"
अर्ध्या मिनिटात हूटर.
हसणं बंद. कुणीतरी टोपली टाकून फाटकाकडे धावलंसुद्धा.

मालक ऑफिसातून आले,
चष्मा वर करून स्क्रीनशी वाकले.
चार अक्षरांना
जितका वेळ लागायला हवा
त्याहून पुष्कळ जास्त लागला.
आत्राम बाजूला उभे,
त्यांना ते वाचता येत नव्हतं.
मालकांना येत होतं.

"रिसेटचं बटण कोणतं?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. आधी 'नोंद घेतली', मग आवाज बंद, मग रिसेट.
त्यांनी दाबलं. लाल दिवा तसाच.
पुन्हा दाबलं.

"नाही होणार," मी म्हटलं,
"वरचा गार होईपर्यंत घेत नाही ते."

आम्ही थांबलो.