चौथा मसुदा

ओर्फेलिना मान्सिया, वय बावन्न,
समोर बसलीय कोट न काढता.
पूल झाला, फेरी बंद. आंकुदच्या इस्पितळात
स्वागतकक्षात एक जागा आहे.

मसुद्यात लिहिलंय: मी मेहनती, प्रामाणिक, होतकरू.
मी म्हणतो, बाई, हे तर मीही लिहितो दर वर्षी
आणि दर वर्षी याच टेबलाशी असतो.
एकोणीस वर्षं तिकिटं फाडली
म्हणजे नेमकं काय केलं?

ती खिडकीकडे बघते. मग:
इस्पितळात निघालेला माणूस ओळखू यायचा मला.
पिशवीत टॉवेल, सुटे पैसे मोजताना चुकायचा.
त्याला इंजिनाच्या भिंतीशी बसवायचे, ऊब असते तिथे.
परतताना कुणी एकटंच आलं
तर त्याच्याकडे तिकीट मागायला
सगळ्यात शेवटी जायचे.

‘होतकरू’ खोडतो.

आणखी एक, पण हे नको लिहूस, ती म्हणते,
मला बोट लागते. पहिल्या दिवसापासून, रोज.
उलटी करायची, तोंड धुवायचं, पुन्हा तिकिटं.

मी नवा कागद घेतो.
‘महोदय, मला बोट लागते.’
इथून सुरू करू.