अतीत कोण?

एकवीस मार्चला रुवीच्या सुपरमार्केटात
जितकी मुलं तितकी फुलं.
काउंटरवरची फिलिपिनो पोरगी विचारते,
"मुलं किती, मॅडम?"
मागे रांग. ट्रॉलीत दूध, लबनेह, सालालाची केळी.
दोन, म्हणते मी.
खोटं नाही ते.
वयं विचारली असती तर अडकले असते.

दोन्ही कार्नेशन्स गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली
आणि घरी न्यायची विसरले.
म्हणजे, विसरले असं सांगितलं.

आपली पिठोरी येते ती भर उन्हाळ्यात.
बाहेर बेचाळीस, आत एसीची घरघर.
डोक्यावर ताट, ताटात दोन वाट्या खीर,
पाठमोरी बसून मी विचारते,
अतीत कोण?

"मी!" शाल्मली वाटी उचलते.
इथं थांबायला हवं होतं.
पण जिभेला चार श्रावणांची सवय,
पुन्हा निसटतं:
अतीत कोण?

एसी.
खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेतंय,
बराच वेळ.

"आई, निहारची खीर
मी खाल्ली तर चालेल?"

हसूच फुटतं मला, इतकं
की ताट कलंडतं
आणि खीर केसांतून
मानेवर उतरते,
कोमट.