वजन

भाताची कापणी झाली की येळ्ळूरच्या शिवारात
दोन महिने जमीन रिकामी असते.
तिथं आम्ही टायर पुरून वळणं आखली.
सातेरी चालवायचा, मी शेजारी,
मांडीवर वही, हातात पीटीच्या मास्तरांचं स्टॉपवॉच.

गाडी म्हणजे मारुती आठशे,
अनगोळच्या भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं घेतलेली.
त्यामुळं पहिल्यापासून आमच्यात बोलणं वजनाचंच.

पहिल्या वर्षी मागची सीट काढली.
ती अजून उद्यमबागला आमच्या फाउंड्रीच्या दारात आहे,
दुपारी डबा खायला तिच्यावर तिघं बसतात.
मग गालिचा, काचा, डिकीचं झाकण,
हॉर्नसुद्धा. ट्रॅकवर कुणाला वाजवायचाय?

निपाणीला, तंबाखूच्या वखारीमागं, तिसरा आला.
हुबळीला पहिला;
निवेदकानं मुतगेकर हे आडनाव तीनदा तीन तऱ्हेनं मोडलं
आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या.

तिथंच कोल्हापूरचा एक टीमवाला भेटला.
गाडीभोवती फेरी मारून म्हणाला,
पोरगं चांगलं आहे, गाडीसकट नेतो.
सर्किटला शेजारी कुणी बसत नसतंय.

चार बोल्ट. चौदाचा पाना.
माझी सीट मीच खोलली.
‘‘एकसष्ट तू, सात सीट...’’
सातेरीनं हिशेब मोठ्यानं केला
आणि मधेच गप्प झाला.
वळणाला अर्धा सेकंद वाचंल, मी म्हटलं.
‘‘वाचंल. खरं मोजणार कोण?’’

कोइमतूरला तीन वर्षं.
फोटो यायचे. खांद्यावर कुणाकुणाचे हात.
नववा, पाचवा, दुसरा.
एका फोटोत त्याची मान जाड झालेली दिसली.
वळणं घेऊन घेऊन मान जाड होते,
हे मला ठाऊक नव्हतं.

मग एका रात्रपाळीला फोन:
शर्यत जिंकली, गाडी काट्यावर चढवली,
नियमापेक्षा अकरा किलो हलकी भरली,
नंबर काढून घेतला.
‘‘भरमा, डावीकडं काहीतरी बसवाय पाहिजे बग.
तू बसायचास तिथं.’’

भट्टीत थोडा रस उरला होता.
ओल्या वाळूत साचा दाबला, पाटाएवढा.
चार भोकं पाडली.
त्यांच्यामधलं अंतर मोजावं लागलं नाही.
भरलं अकरा किलो दोनशे.
वरचे दोनशे मी घासले नाहीत.

पहाटे ट्रॅव्हल्सच्या क्लीनरनं गोणपाट उचललं
आणि कमरेत वाकला.
‘‘एन इदे इदरल्ली?’’
गाडीचं सामान, म्हटलं.
डिकीत नको टाकू,
एखाद्या सीटवर ठेव.
तिकिटाचं मी बघतो.