ठाऊक नाही, असं टाइप केल्यावर

झोफ्काचा लॅपटॉप शाळेने भंगारात काढलेला,
एका कळेवरचं अक्षर पार पुसलेलं,
झाकणावर कुणा पोराने चिकटवलेलं अस्वल.
त्यावर लिनक्स चढवलं मी जानेवारीत.
इद्रियाच्या दरीत ऊन लवकर डोंगराआड जातं तेव्हा
माणसं असलीच कामं काढतात.

"मला माउस नको," ती म्हणाली.
"पंचावन्न वर्षं बॉबिनं फिरवली या बोटांनी,
आता एका उंदरामागे धावू?"

म्हणून लाँचर.
पडद्याच्या मधोमध एक पट्टी,
हाक मारली की ओ देते, काम झालं की विरते.
दोन अक्षरं लिहा, उरलेलं ती ओळखते.
निदान तशी ख्याती.

पहिला तास कंट्रोल-स्पेसने खाल्ला.
दाबावं, आणि काहीच होऊ नये.
नव्या डेस्कटॉपवर कुणाही आगंतुकाला
कळांना कान लावून बसता येत नाही.
रीतसरच आहे, आपण तरी कुठे बसू देतो?
मग सेटिंग्जमध्ये जाऊन शॉर्टकट हाताने नोंदवला,
घरमालकाच्या वहीत भाडेकरू नोंदवावा तसा,
आणि पट्टी आली.
झोफ्काने चष्मा कपाळावर सरकवला. "हं," म्हणाली.
आमच्याकडे "हं" म्हणजे पुष्कळ झालं.

मग एक्सटेन्शनं:
बेरजा-वजाबाक्यांचं, कारण दोऱ्याचे हिशेब,
हवामानाचं, जे तिने लगेच काढायला लावलं,
"खिडकी आहे की."
आणि एक माझं स्वतःचं, पायथनच्या साठेक ओळी,
एका स्वल्पविरामापायी रात्री अकरापर्यंत मुकं.
तिचे अकराशे नमुने शोधणारं.
पिवळे कागद, टाचणीची भोकं, सगळं स्कॅन केलेलं.
"साप" लिहा, वळणावळणांची किनार हजर.
"साखरपुड्याचा रुमाल" लिहायला "सा"देखील पुरे,
फक्त सापानंतर.
कारण ज्याला जास्त बोलावाल तो पुढे येऊन उभा राहतो,
वर्गात सतत हात वर करणाऱ्या मुलासारखा.

"आणि नावच आठवलं नाही तर काय लिहायचं, येर्नेय?"

मी खाणीच्या संग्रहालयातला वायरमन.
प्रश्न खिशात घालून घरी गेलो.
जिकडे पाहुण्यांना नेत नाहीत
त्या बोगद्यातलाही बल्ब मी महिन्यातून एकदा तपासतो,
तिथेच, शिडीवर, उत्तर सुचलं.

आता "ने वेम" लिहायचं,
आमच्या भाषेत, ठाऊक नाही.
मग क्रम उलटतो.
ज्याला सर्वांत जास्त दिवस कुणी हाक मारली नाही
तो सगळ्यांच्या वर येतो.

तिने लिहिलं. एंटर.
आलेला नमुना तिच्या हातचा नव्हता.
भोकं दाट, रेघ न थरथरलेली,
कोपऱ्यात कॉफीच्या कपाचा गोल डाग
आणि पेन्सिलीने नाव: तोंच्का.

"चार दिवसांसाठी आणला होता."
"कधी?"
"पूर आला त्या वर्षी."
कुठला पूर ते मी विचारलं नाही.
"मागायला आली तेव्हा म्हटलं, परत दिला की.
तिने मान डोलावली.
पुढे लेसच्या शाळेत ती कायम
माझ्यापासून तीन उशा सोडून बसली."

कर्सर लुकलुकत होता.
झोफ्काने सावकाश "तोंच्का" लिहिलं,
काही सापडलं नाही.
खाली ओळ आली: वेबवर शोधू?
"नको," ती पडद्याला मोठ्याने म्हणाली,
आणि मग मला,
"तिची मुलगी अजून नदीपलीकडेच राहते ना,
निळ्या फाटकाच्या घरात?"

बहुधा, मी म्हटलं.
हे सांगणारं एक्सटेन्शन माझ्यापाशी नव्हतं.

ती उठली. मूळ कागद लाकडी पेटीत, तळाशी.
मी एस्केप दाबलं, पट्टी विरली.
आतल्या खोलीत पेटीची कडी वाजली,
जुनी आहे, दोनदा ओढावी लागते.